आपल्या पोराच्या पुण्यतिथीची पंगत

मामंजी,

कसे आहात? उजव्या गुडघ्याची कुरकुर थांबली का? भोसरीपर्यंत सायकल मारून मारून झिजला होता बिचारा, तिकडं तरी त्याला विसावा असेल. सासूबाईंचा खोकला कसा आहे? सुंठ-गुळाची गोळी त्यांना सकाळीच द्या, संध्याकाळी दिली की घसा मोकळा होतो आणि मग त्या तुम्हाला झोपू देत नाहीत. आमचे हे करोनाच्या साथीत घाईघाईनं तुमच्याकडं आले, नीट निरोपसुद्धा घेता आला नाही. त्यांची छाती आता मोकळी झाली का? तंबाखू मागतील, देऊ नका. कपिला गाय तुमच्याजवळ असेल तर तिच्या पाठीवरून माझ्या वतीनं हात फिरवा. इकडचं विचाराल तर माझी साखर थोडी वर आहे, पण एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यामुळं वाचायला पुन्हा मजा येते. सूनबाईची कंबर धरते. आणि तुमच्या नातवाची तब्येत ठणठणीत आहे, इतकी की गळ्यातली चेन आता मानेत रुतायला लागलीय. त्याच्यावर संतापूनच हे पत्र लिहायला बसलेय. निम्मा संताप तुमच्यावरही आहे. कुणाचा आधी सांगू ते ठरत नाही, तेव्हा जसं येईल तसं लिहिते.

लिहितेय ती आपल्या घरातून नाही. घरामागं गोठा होता ना, तिथं आता भाड्याच्या खोल्यांची चाळ आहे. एका ओळीत खोल्या, वर पत्रा, पुढं दोऱ्या बांधून वाळत घातलेले कंपनीचे निळे शर्ट. कुरुळीत आता शेतं कमी आणि अशा चाळीच जास्त. परभणी, हिंगोली, लातूर, जिकडून तिकडून माणसं येतात, चाकणच्या कंपन्यांत राबतात आणि आपल्यासारख्यांच्या खोल्यांत राहतात. त्यातल्या शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यावर मी बसलेय. घर इथून दिसतं. मधे फक्त तुळस आणि तुमच्या नातवाची मोठी पांढरी गाडी. गाडीच्या मागच्या काचेवर आपल्या पोराचं चित्र आहे. चित्रात त्याच्या मिशीला असा पीळ दिलाय की त्याच्या आईनं ओळखलं नसतं.

आपल्या घरात त्याला कुणी नावानं बोलावलं नाही. बाहेरचे लोक क्रांतिवीर म्हणत, हुतात्मा म्हणत, तुम्ही 'आपलं पोरगं' म्हणायचात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ह्या घरातला एखादा दीर लहानपणी वारला असावा. स्वयंपाकघरात भांड्यांच्या मांडणीशेजारी त्याचा फोटो, जुन्या कॅलेंडरातून कापून काच लावलेला. सासूबाईंचं म्हणणं, एवढा मोठा माणूस, देवघरात ठेवा. तुम्ही म्हणालात, "देवात ठिवला तर तू त्याला फुलं घालशील आन् त्याचं ऐकणार न्हाईस. हितं ऱ्हाऊ दे. आपण काय खातो, कुणाला काय वाढतो, ते त्याला दिसलं पायजे." सासूबाई म्हणाल्या, "फोटोला दिसतंय व्हय? मग त्याला सांगा, तेलाचा डबा संपलाय."

त्या पहिल्याच वर्षी तुम्ही मला बोललात, ते अजून कानात आहे. घरात कुणीतरी म्हणालं, आज आपल्या पोराचा दिवस आहे. तोवर तो कोण ते कळलं होतं, मला वाटलं जयंती असेल. नवी नवरी, सासऱ्यांना खूश करावं म्हणून मी शिरा केला, वर बेदाणे लावले. तुम्ही पहिल्या पाळीवरून आलात, हातपाय धुतलेत, पाटावर बसलात आणि शिऱ्याकडं बघून तुमचा चेहराच उतरला. "आज फासावर गेला गं तो. आन् जायच्या आधी तुरुंगात किती दिस उपाशी ऱ्हायला. तू शिरा करती व्हय?" मी रडायच्या घाईला आले. मग तुम्ही समोरचं रिकामं ताट उचललंत, पालथं घातलंत आणि म्हणालात, "ह्या दिवशी दुपारचं ताट आपल्या घरात असं असतंय. संध्याकाळी जेवायचं, पोटभर जेवायचं. दुपारची भाकरी ज्याला मिळत न्हाई त्याला द्यायची." सासूबाई कपाळावर हात मारून घेत होत्या, "घरात कुणी मेल्यासारखं ताट पालथं घालतायत, अभद्र मेलं!" दरसाल त्या दिवशी त्या हेच म्हणायच्या आणि दरसाल स्वतःचंही ताट पालथं घालायच्या. शिरा त्या दिवशी कांदा काढायला आलेल्या बायांनी खाल्ला. बांधावर बसून, बेदाणे वेचून वेचून. त्या बाया म्हणाल्या, "मालकीणबाई, हुतात्म्याचा शिरा लई ग्वाड झालाय," आणि मी हसावं की रडावं ते कळेना.

मला वाचायला तुम्ही शिकवलंत. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलेली, अक्षरं ओळखायची पण एकमेकांना जोडता यायची नाहीत. पिंपरीच्या बाजारातून तुम्ही त्याचं चरित्र आणलंत, कडेला फाटलेलं, जुनं. मी वाचायचे आणि तुम्ही समोर बसून लसूण सोलायचात. मी अडले की तुम्ही पाकळी खाली ठेवून वाट बघायचात, शब्द सांगायचा नाहीत. सासूबाई ओट्याजवळून ओरडायच्या, "सुनेच्या हातात पुस्तक आन् सासऱ्याच्या हातात लसूण, गावाला दाखवायला न्या हे घर!" पण त्याही ऐकत असायच्या. त्यानं तुरुंगात जेवण सोडलं त्या पानावर आले तेव्हा फोडणी करपली होती. गोऱ्या कैद्याला एक ताट आणि आपल्या माणसाला दुसरं, किडकं, म्हणून त्यानं जेवण सोडलं. हे मी माझ्या तोंडानं, माझ्या जिभेवर अक्षरं फिरवत वाचलं आणि मला तो त्या दिवशी आवडला. पिस्तुलासाठी नाही. पिस्तूल कुणीही उचलतं. पण शेजाऱ्याच्या ताटात किडे आहेत म्हणून आपलं ताट सरकवून ठेवायचं, हे मला माझ्या घरातल्या माणसासारखं वाटलं. तेव्हापासून तो माझाही हिरो आहे, मामंजी. ह्या वयात हिरो असतो का म्हणून नातेवाईक हसतात. हसू देत.

आता तुमच्यावरचा राग. नातू झाला, तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरलात. रोज संध्याकाळी त्याला आपल्या पोराची गोष्ट हवी असायची. तुम्ही सांगायचात, धाड कशी पडली, पिस्तूल कसं लपवलं, हातात बेड्या असताना तो कसा हसला. पोरगं डोळे विस्फारून ऐकायचं आणि उठून दांडक्याची बंदूक करायचं. मी एकदा म्हटलं, मामंजी, जेवणाची गोष्ट का नाही सांगत? तुम्ही म्हणालात, "आधीच ह्ये जेवायला तरास देतंय. त्यात आपलं पोरगं जेवत न्हवतं म्हणून सांगितलं तर ताटाला हात लावायचं न्हाई." सगळे हसलो. दरसाल तो दिवस यायचा, मोठ्यांची ताटं पालथी पडायची, आणि लाडक्या नातवाला मागच्या खोलीत दूधभात. त्यानं ताटं बघितली, पण कशासाठी ते त्याला कुणी सांगितलंच नाही. अर्धाच माणूस दिलात तुम्ही त्याला. बंदुकीचा अर्धा. ताटाचा अर्धा तुमच्याजवळच ठेवून घेतलात आणि निघून गेलात.

आता तोच अर्धा चौकात उभा आहे. तुमचा नातू ठेकेदार झालाय, माणसं पुरवणारा. आपली कांद्याची जमीन कंपनीत गेली तेव्हा त्या बदल्यात त्याला तिथलं काम मिळालं. कंपनी गाड्यांच्या वायरी जोडते. कामावरच्या बाया तुमच्या नातवाच्या, म्हणजे पगार तो देतो, गेटपास तो देतो, आणि काढायचं झालं तर काढतो तोच. आमच्या चाळीतल्या पुष्कळशा बाया त्याच्याकडंच आहेत. खोली आमची, काम आमचं, सकाळी बसही आमची. आणि दरसाल आपल्या पोराच्या पुण्यतिथीला हा चौकात मोठा मंडप घालतो. फ्लेक्सवर हा गॉगल लावून, हात जोडून, रस्ताभर. त्याच्या मागं मंडळाची पोरं, त्यांच्या मागं साहेब लोक. आणि आपलं पोरगं वरच्या कोपऱ्यात, पाकिटावरच्या तिकिटाएवढं. मी म्हटलं, अरे, त्याचा दिवस आहे, त्याला तरी मोठा छाप. म्हणतो, "आई, त्याला सगळे ओळखतात. ओळख माझी व्हायचीय."

शेवटच्या खोलीत परभणीकडची एक बाई राहते. चाळीत सगळे तिला परभणीवाली म्हणतात, मीही तेच म्हणते. नवऱ्यानं टाकलेली, लेक आजोळी ठेवलेली, हात मशीनसारखे चालतात आणि तोंड त्याहून जास्त. दुपारपाळी नसली की ती आणि दोघी-चौघी माझ्याकडं येतात, मी त्यांना पुस्तक वाचून दाखवते. हो, तेच, लसणाचा वास अजून येतो त्याला. कँटीनचं त्या सांगायच्या. कंपनीच्या कायमच्या माणसांना एक खिडकी, ठेक्याच्या बायांना दुसरी. तिकडं भाजी, दही, पापड. इकडं पाणी. "आज्जी, डाळीत डाळ हुडकायलो आम्ही," परभणीवाली म्हणायची, "आन् सापडली तर ती डाळ नसतीय, तिला पाय असतेत." तक्रार केली तर सुपरवायझर म्हणायचा, घरून डबा आणा. पहाटे बस असते, डबा करणार कधी? आणि तुम्हाला सांगते, ते कँटीन जिथं आहे तिथंच आपली कांदा साठवायची चाळ होती. काढणीच्या बायांचं जेवण झाल्याशिवाय तुम्ही ज्या जागी बसत नव्हता, तीच जागा.

जेवण सोडल्याचं पान मी त्यांना वाचून दाखवलं. तुमच्या पालथ्या ताटाचंही सांगितलं. परभणीवालीनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, त्या पानाची कड दुमडली. मग म्हणाली, "आज्जी, काम बंद न्हाई करायचं, घोषणा न्हाई, कायच न्हाई. त्येच्या पुण्यतिथीला ताट घ्यायचं, टेबलावर पालथं घालायचं, जेवणाची सुट्टी संपस्तवर बसायचं, उठून लायनीवर जायचं. काय म्हणतेत बघू." मी म्हटलं, ठेकेदार माझा लेक आहे, जपून. तर ती हसली. "तुमचा लेक? आज्जी, गाडीवर फोटो हाय त्येच्या. दरसाल अमर रहे अमर रहे वरडतो. त्यो आपल्याच बाजूचा हाय की. त्याला सांगूनच करू." आणि ह्या बाया खरंच त्याला सांगायला गेल्या. मामंजी, मला त्याच्या वागण्यापेक्षा ह्याचा राग जास्त येतो, की त्यांनी फ्लेक्स खरा मानला. त्याच्याकडं जाऊन म्हणाल्या, भाऊ, पुण्यतिथीला कँटीनमध्ये आम्ही कार्यक्रम ठेवलाय, तुम्ही हार घालायला या. हा फोनवर बोलत होता. म्हणाला, "अरे वा, मस्त! फोटो काढून पाठवा."

त्यांनी सांगितल्याप्रमाणं केलं. खिडकीवरून ताटं घेतली, रिकामी, टेबलावर पालथी घातली. मधोमध आपल्या पोराचा फोटो, शेजारी झेंडूचं एक फूल. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. भोंगा झाला, उठल्या, कामाला लागल्या. कँटीनवाला घाबरला, सुपरवायझरनं फोटो काढला, तो एचआरच्या साहेबाकडं गेला, साहेबानं तो तुमच्या नातवाला पाठवला. खाली काय लिहिलं होतं मला ठाऊक नाही, पण चहाच्या वेळेला ह्याचा माणूस गेटवर उभा होता. एकेकीचा पास काढून घेतला. "उद्यापास्नं येऊ नका." परभणीवाली म्हणाली, "अवो, पण भाऊंना सांगितलं व्हतं आम्ही. भाऊंनीच फोटो मागिटला." तो माणूस म्हणाला, "भाऊंनीच पास मागितलेत."

संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी जरीचं लुगडं नेसत होते. चौकातल्या कार्यक्रमाला दिवा लावायला मला न्यायचं होतं, मातोश्रींच्या हस्ते. त्यांनी सगळं सांगितलं. माझे हात निऱ्यांवरच थांबले. मी विचार केला, जाऊच नये. मग म्हटलं, जाते. जाऊन बघतेच.

चौकात डीजे असा वाजत होता की रक्तातली साखरसुद्धा उडाली असेल. मी दिवा लावला. हार घातले गेले, आपल्या पोराला एक आणि साहेबांना सात-आठ. मग माईकवर घोषणा, हुतात्म्याच्या पुण्यतिथीनिमित्त महाप्रसाद, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, सर्वांनी लाभ घ्यावा. जो उपाशी राहिला त्याच्या नावानं जिलेबी! आणि तिथंही दोन पंगती. स्टेजवर साहेबांना स्टीलची ताटं, खाली बाकीच्यांना कागदाच्या पत्रावळ्या. मला साहेबांच्या शेजारी बसवलं. "काय राव, आईसाहेबांना जिलेबी आणा की आधी!" कुणीतरी ओरडलं. वाढपी यायच्या आत मी ताट उचललं आणि पालथं घातलं. आवाज झाला. पलीकडं आपल्या भावकीतली म्हातारी बसली होती, ती दचकली, "अगं अगं, ह्ये काय अभद्र करती? कोन गेलंय का?"

मी म्हटलं, "व्हय, गेलंय. म्हणून तर जमलोय न्हवं सगळी?"

डीजेवाल्याला वाटलं खरंच कुणी गेलं, त्यानं गाणं बंद केलं. मामंजी, त्या चौकात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पत्रावळीवरचे हात थांबले. मला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलंही. आणि तेवढ्यात तुमच्या नातवानं माईक घेतला. हसत, दोन्ही हात जोडून. "मित्रांनो, आमच्या मातोश्री. गेली कित्येक वर्षं आजच्या दिवशी हुतात्म्याच्या स्मरणार्थ त्या उपवास करतात. ही आमच्या घराण्याची परंपरा आहे. जोरदार टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या हो. साहेब उठून माझ्या पाया पडले, त्यांनी डोक्यावरून शाल पांघरली. पोरांनी मोबाईल काढले. माझ्या पालथ्या ताटाचा फोटो घरी पोचायच्या आत सगळ्यांच्या स्टेटसला होता, खाली लिहिलेलं, 'धन्य ती माता'. दुपारी त्याच ताटापायी बायांच्या पोटावर पाय दिला आणि संध्याकाळी त्याच ताटाला टाळ्या वाजवल्या. तुमचं ताट, मामंजी. मी तिथं बसून राहिले, तोंडात शब्द आणि डोक्यावर शाल.

सकाळी तो चहा घेत होता तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, पास परत दे त्यांचे.

"आई, तुला यातलं कळत नाही. कंपनीनं मला सांगितलं, एक तर ह्या बाया ठेव, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट ठेव."

"मग कंपनीला सांगायचं ना, जेवण नीट द्या."

"मी सांगणार? मी?" तो हसला. "अगं, मला उद्या तिथं उभं करणार नाहीत."

"तुरुंगात आपल्या पोरानं..."

"ते वेगळं होतं गं! ते इंग्रज होते."

"आणि तू कोण?"

"मी इथला आहे!" कप आपटलाच त्यानं. "माझ्या आजोबांची जमीन आहे ती! आणि खरं सांगू? तो फोटो आला ना, पालथी ताटं, बघितल्या बघितल्या मला कळलं हे कुठून आलं. आपल्या घरातली गोष्ट तू त्या बायांना कशाला सांगितलीस?"

"आजोबांची आठवण नाही झाली तुला?"

"झाली! म्हणून तर डोकं फिरलं. ते आपलं आहे, आई. आपल्या घरातलं. कुणीही उठायचं आणि आपलं ताट पालथं घालायचं?"

बघा, मामंजी. तुम्ही 'आपलं पोरगं' म्हणायचात तेव्हा त्यात सगळं जग घेत होता. ह्यानं त्यातलं 'आपलं' तेवढं उचललं आणि त्याला सातबाऱ्यावर चढवलं. जमिनीसारखा तोही आपल्या नावावर. मी आत गेले. गोळ्यांची डबी घेतली, चष्मा घेतला, पुस्तक घेतलं आणि चाळीत आले. निघताना त्याला म्हटलं, त्यांचे पास परत मिळेपर्यंत तुझ्या घरचं अन्न मला नको. उपाशी राहणार नाही, नाहीतर तू पुन्हा परंपरा म्हणून टाळ्या घेशील. मी ह्या बायांच्यात जेवणार, उंबऱ्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. तेव्हापासून परभणीवाली भाकरी थापते आणि मी खाते. तिच्या ठेच्यानं डोळ्यांतून पाणी येतं. ती म्हणते, "आज्जी, रडायलात का जेवायलात?" रस्त्यावरून जाणारी माणसं विचारतात, काय काकू, हितं कशा? मी सगळं सांगते. एकदा सांगून कळलं नाही तर परत सांगते. मंडळाची पोरं आता आमच्या गल्लीतून गाडी काढत नाहीत.

त्यानं सूनबाईकरवी निरोप धाडला. बायांना घेतो, पण माफी लिहून द्यायची, आणि परभणीवालीला सोडून. सूनबाई मान खाली घालून सांगत होती, डबा पुढं करत होती. डबा मी परत पाठवला, तिच्या कमरेला चोळायला तेल मात्र दिलं. काही जणींनी माफी लिहून दिली आणि गेल्या कामावर. मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही. एक रडत आली होती, तिला म्हटलं, आधी जेव, मग रड. ज्यांच्या घरी म्हातारे आईबाप मनीऑर्डरीकडं डोळे लावून बसलेत त्यांना मी हुतात्म्याच्या गोष्टी सांगाव्यात, एवढी मी निर्लज्ज नाही. परभणीवाली म्हणते, "आज्जी, तुम्ही घरी जावा. माझं मी बघते, ह्या पट्ट्यात कंपन्या काय कमी हायेत व्हय?" पण दुसऱ्या ठेकेदाराकडं ती जाऊन आली. तिचं नाव ऐकून त्यानं दारातूनच परत पाठवलं. हे तिनं मला सांगितलं नाही, दारात चपला रेंगाळत काढल्या त्यावरून मी ओळखलं, बाकीचं शेजारणीनं सांगितलं. मी तिला म्हटलं, तुझ्यासकट सगळ्या, त्याच कंपनीत, त्याच कँटीनला. नाहीतर मी इथंच. ती म्हणाली, "मग भाडं कुणाला द्यायचं, तुम्हाला का तुमच्या लेकाला?" हसलो दोघी. हसण्यासारखं काही नव्हतं.

आणि तुमचा नातू रोज दिवेलागणीला येतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावतो, उतरत नाही. काच वर. मला दिसतो तो त्या काचेतून. लहानपणी रुसला की मांडणीच्या मागं असाच बसायचा, आपण हाक मारायची वाट बघत. काल काच खाली झाली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, गोळ्या घेतल्यास का?" मी म्हटलं, घेतल्या. म्हणाला, "पायाला सूज आहे का?" मी म्हटलं, पास आणलेस का? काच वर गेली. गाडी मात्र बराच वेळ तिथंच होती.

तुमच्यावर रागावलेय खरी, पण तुमच्याशिवाय कुणाला विचारू? तिथं आपल्या पोराची आई भेटते का हो? भेटली तर माझा नमस्कार सांगा आणि एक विचारा. पोरगं तुरुंगात जेवत नव्हतं तेव्हा ती घास कसा गिळत होती? माझं तिच्या उलटं आहे. माझा जेवतोय, जिलेबी खातोय, आणि घास माझ्या घशात अडकतोय. तिला अभिमान तरी होता. मला नुसता राग आहे, आणि रागाखाली काय आहे ते बघायची छाती होत नाही.

हे पत्र टाकायचं कुठं, ते मला ठाऊक आहे, कुठंच नाही. घडी करून पुस्तकात ठेवीन. परभणीवाली विचारील कुणाला लिहिलं, तिला सांगीन, माझ्या मास्तरांना. एक मात्र तुम्हाला सांगून टाकते, इथं कुणाला सांगता येत नाही. काल त्यानं पायाची सूज विचारली तेव्हा मी उंबऱ्यावरून उठले होते. एक पाय खाली टाकलाही होता. परभणीवालीनं आतून हाक मारली, भाकरी वाढली म्हणून, तेवढ्यावर निभावलं. ती आज बोलावील, उद्या बोलावील, रोज कशी बोलावील? तेव्हा मामंजी, काय करू ते कळवा, आणि लवकर कळवा. माझा राग फार दिवस टिकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.